प्लास्टिकची फाईल वेगळी, सांडपाण्याची वेगळी

प्रति,
खाडीच्या पाण्याचे नमुने घेणारे, तपासणारे आणि त्यावरून निर्णय करणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ
(प्रदूषण नियंत्रण, महापालिका, मत्स्यव्यवसाय व आरोग्य)

विषय : खाडीतल्या मायक्रोप्लास्टिकवर वाढणारे जीवाणू कोणाच्या अखत्यारीत?

महोदय / महोदया,



तुम्हाला येणारी पत्रं बहुधा एकेका खात्याच्या नावानं येतात. हे चौघांना मिळून लिहिते आहे, कारण तक्रारच चौघांच्या मधल्या फटीत पडलेली आहे. ठाण्यात मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी विद्यार्थ्यांना घेऊन खाडीवर जाणं सुटलेलं नाही, त्यामुळे जे लिहिते आहे ते थोडं पुस्तकातलं आहे आणि थोडं चिखलातलं.

खाडीतल्या प्लास्टिकची माहिती हवी म्हणून मध्यंतरी एका कार्यालयात गेले होते. साहेबांनी अगत्यानं बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, प्लास्टिक म्हणजे घनकचरा. ते आमच्याकडे नाही, आमच्याकडे पाणी.” पाण्यातल्या जीवाणूंचं विचारलं तर कोलिफॉर्मचे तक्ते लगेच पुढे केले. मग विचारलं, प्लास्टिकला चिकटलेले जीवाणू? साहेब जरा थांबले आणि म्हणाले, “ते मग कुणाकडे येणार?” टाळाटाळ नव्हती ती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. तोच प्रश्न मी आता सगळ्यांना मिळून विचारते आहे.

आधी कण जवळून पाहू. दुधाची पिशवी कापताना उडालेला कोपरा घ्या, नखाएवढा. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. ऊन आणि लाटा त्याचे आणखी तुकडे करतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाला की तो मायक्रोप्लास्टिकच्या हिशेबात धरतात. कोरा असताना त्यावर पाण्याचा थेंबही पसरत नाही. पण खाडीत पडल्यावर काही तासांतच पाण्यात विरघळलेल्या प्रथिनांचा, शर्करांचा पातळ लेप त्यावर बसतो. त्या लेपावर पहिले जीवाणू टेकतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात आणि मागून येणाऱ्यांची सोय करून ठेवतात. आठवड्याभरानं तोच कोपरा चिमटीत धरला तर बुळबुळीत लागतो. क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जांभळे पुंजके दिसतात, मधूनमधून डायाटम, आणि या सगळ्यांवर चरणारे आदिजीव. कापताना कात्रीनं जिथे ओरखडा पडलेला असतो, त्या खाचेत गर्दी सगळ्यांत जास्त. जुन्या चाळीत असते तशीच ही वस्ती: जागा मिळेल तिथे बिऱ्हाड, आणि आडोसा, भांडण, उसनवारी सगळं सामाईक. उसनवारीचं पुढे सांगते, कारण खरी काळजी तिथे आहे.

हे आज कळलेलं नाही. १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पाण्यात पॉलिस्टायरीनचे बारीक मणी सापडल्याचं ‘सायन्स’मध्ये छापलं, तेव्हाच मण्यांवर जीवाणू असल्याची नोंद केली होती. मायक्रोप्लास्टिक हे नाव रिचर्ड थॉम्प्सन यांच्या २००४च्या शोधनिबंधामुळे रूढ झालं. म्हणजे कणाचं बारसं व्हायच्या तीस वर्षं आधी त्यावरच्या वस्तीची दखल घेतली गेली होती. इंग्लंडमधल्या २०११च्या एका प्रयोगात पॉलिथिनच्या पिशव्यांचे तुकडे समुद्राच्या पाण्यात टांगले होते. आठवड्यात थर डोळ्यांना दिसू लागला, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तरंगणारं प्लास्टिक पृष्ठभागाखाली उतरू लागलं. हंबर नदीच्या मुखातल्या गाळावर २०१४ मध्ये झालेल्या प्रयोगात तर वस्ती काही दिवसांतच उभी राहिली. २०१३ मध्ये झेटलर, मिन्सर आणि अमराल-झेटलर यांनी अटलांटिकमधल्या प्लास्टिकवरची जीवसृष्टी भोवतालच्या पाण्यापेक्षा निराळी असल्याचं दाखवलं. त्यांच्या एका तुकड्यावर व्हिब्रिओ या कुळाचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांश होतं. कॉलऱ्याचा जीवाणू याच कुळातला, म्हणून ती संख्या वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या.

आता खाडी. समुद्रात पडलेला तुकडा दूर वाहून जातो, नदीत पडलेला खाली जातो. खाडीत पडलेला मात्र भरतीला वर आणि ओहोटीला खाली अशा येरझाऱ्या घालत राहतो. गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथे बारीक गाळाचे गोळे बनतात, प्लास्टिक त्यांत अडकतं, चिखलात बसतं, उधाणाला पुन्हा उठतं. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. वरच्या टोकाला ती इतकी चिंचोळी होते की पाणी पूर्ण धुऊन निघतच नाही. दोन्ही काठांना तिवरं, आणि तिवरांची वर आलेली मुळं हे प्लास्टिक अडवायचं निसर्गाचं सगळ्यांत चोख साधन. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच चिखलात घराघरांतून आलेले आतड्यांतले जीवाणू आणि निमखाऱ्या, कोमट पाण्यात फोफावणारे व्हिब्रिओ एकाच कणावर शेजार करतात. एरवी खाऱ्या पाण्यात आणि उन्हात मैल्यातले जीवाणू फार टिकत नाहीत. चिकट थराच्या आत त्यांना आडोसा मिळतो. क्लोरीनलाही थर सहज दाद देत नाही.

आणि उसनवारी ती ही. जीवाणू एकमेकांना जनुकं देतात, प्लाझ्मिडच्या छोट्या वळ्यांतून. प्रतिजैविकांना न जुमानण्याची विद्या याच वाटेनं एका जातीकडून दुसरीकडे जाते. गोड्या पाण्यातल्या जीवाणूंवरचा २०१८चा एक अभ्यास सांगतो की मायक्रोप्लास्टिकवर राहणाऱ्यांत ही देवघेव मोकळ्या पाण्यातल्यांपेक्षा वाढते. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक कसं मिळतं आणि त्याचा उरलेला भाग कोणत्या नाल्यातून वाहतो, हे आरोग्य विभागाला मी सांगायला नको.

तक्रारीचा गाभा आता येतो. त्यात कुणाचा आळस नाही, पद्धतच तशी आहे.

तुमच्यापैकी जे प्लास्टिक मोजतात, ते बारीक जाळीतून पाणी गाळतात. मग नमुन्यातला सेंद्रिय भाग घालवण्यासाठी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, कारण शेवाळ आणि चिकटा गेल्याशिवाय कण नीट दिसत नाही. म्हणजे प्लास्टिक मोजण्याची पहिली पायरी त्यावरचे जीवाणू जाळण्याची. जे जीवाणू मोजतात, ते बाटलीभर पाणी घेतात आणि त्यातलं थोडं नळ्यांत किंवा ताटलीवर घालतात. बाटलीत कण सापडला तर नशीब. सापडला तरी त्यावर हजार जीवाणू चिकटलेले असोत, ताटलीवर एका जागी एकच वसाहत उगवते आणि आकड्यात एक भर पडते. नळ्यांच्या पद्धतीतही तोच घोळ. एका प्रयोगशाळेत वस्ती जळते, दुसरीत हजारांचा एक होतो. दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर, दोन्हींवर सही-शिक्का, आणि ज्या गोष्टीबद्दल मी बोलते आहे ती दोन्हींत नाही.

पद्धत बदलायला परदेशी यंत्रं लागत नाहीत. स्टीलची बारीक चाळण, निर्जंतुक खारं पाणी आणि थोडा धीर पुरतो. कण चाळणीवर धरायचे, मोकळे जीवाणू हलक्या हातानं धुऊन टाकायचे, मग कण त्या खाऱ्या पाण्यात जोरात हलवून चिकटलेले सोडवायचे आणि ते ताटलीवर घालायचे. व्हिब्रिओ वाढवण्यासाठीच्या टीसीबीएस आगारवर कॉलऱ्याचा जीवाणू पिवळा उगवतो, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवा. रंग पाहून निदान पक्कं होत नाही, पुढच्या चाचण्या कराव्याच लागतात. पण महाविद्यालयातली मुलंसुद्धा एवढं करतात, सरकारी प्रयोगशाळेला ते जड जाऊ नये.

जीवाणू पाण्यात नुसते तरंगत नाहीत, कशावर तरी बसून फिरतात, हे आपल्या उपखंडानं जगाला शिकवलं आहे. रिटा कोलवेल आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांना पाणी जुन्या साडीच्या चार पदरी घडीतून गाळायला सांगितलं. कॉलऱ्याचे जीवाणू पाण्यातल्या बारीक प्राण्यांच्या कवचावर बसलेले असतात. साडीत ते प्राणी अडकले आणि कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. २००३ मध्ये ते छापून आलं. साडीची भोकं जीवाणूपेक्षा कितीतरी मोठी, तरी हा फरक पडला. खाडीत आता त्या प्राण्यांच्या जोडीला पिशव्यांचे तुकडे आहेत, जे मरत नाहीत, कुजत नाहीत आणि ऋतू बदलला म्हणून कमीही होत नाहीत.

इथे माझ्याच बाजूच्या काही मंडळींना थोडं आवरायला हवं. ‘प्लास्टिकवर रोगजंतू’ म्हटलं की सभेत टाळ्या मिळतात, पण पुरावा इतका सरळ नाही. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर आणि नदीमुखात प्लास्टिकच्या जोडीनं लाकडाचे तुकडे ठेवून पाहिले, तेव्हा प्लास्टिकवर रोगकारक जीवाणू खास वाढल्याचं आढळलं नाही. जीवाणूंना टेकायला जागा हवी असते, लाकूडही चालतं. दुसरीकडे उत्तर समुद्रातल्या आणि बाल्टिकमधल्याच तुकड्यांवर २०१६ मध्ये व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९च्या अहवालात पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवरच्या थरापासून धोका कमी असल्याचं म्हटलं. हे तिन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. म्हणून तर आपल्या खाडीत तपासणी हवी, आणि ती करताना शेजारी सुकं पान, लाकडाचा तुकडा, दगड हेही तपासले पाहिजेत. तेवढं केलं नाही तर जे मैल्यामुळे झालं ते प्लास्टिकच्या नावावर खपेल, आणि सांडपाणी खात्याला आयती सुटका मिळेल.

मानकांकडे येते. मासेमारी, आंघोळ आणि पाण्यातले खेळ यांसाठीच्या समुद्री पाण्याच्या वर्गात, एसडब्ल्यू-२ मध्ये, विष्ठेतल्या कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० आहे. नदीतल्या आंघोळीच्या पाण्यात ते शक्यतो ५०० पर्यंतच असावेत आणि २,५०० पेक्षा जास्त नकोत. आपली खाडी यात कुठे बसते ते तुमच्याच तक्त्यांत आहे, मी उकरत नाही. माझं मागणं रकान्यांबद्दल आहे. एक रकाना कणांचा हवा. एक कणांवरच्या जीवाणूंचा. आणि नमुना घेतला तेव्हा भरती होती की ओहोटी, उधाण होतं की भांगाची मंद भरती, हे ठसठशीत लिहिलेलं हवं. सकाळी ऑफिसच्या गाडीनं पोहोचून अकरा वाजता घेतलेलं पाणी एका दिवशी समुद्राचं असतं आणि आठवड्याभरानं नाल्याचं. कोळ्याच्या पोराला हे शाळेत जायच्या आधी कळतं.

नाल्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण राग तिथला आहे. पावसाळ्याआधी नालेसफाई होते. यंत्रं येतात, काळा गाळ उपसतात आणि नाल्याच्याच कडेला ढीग लावतात. सुकला की उचलायचा असतो. त्या ढिगाला उभं चिरून पाहा: शाम्पूच्या पुड्या, तुटक्या कंगव्यांचे दात, थर्मोकोलचे दाणे, धाग्यांची गुंतवळ, आणि सगळ्याला बांधून ठेवणारा तो चिकटा. मग एखाद्या रात्री वळीव कोसळतो आणि ढिगाचा पाय पुन्हा नाल्यात सरकतो. महिन्यापूर्वी ज्या कणांना बाहेर काढायला पैसे दिले, ते आता जीवाणूंचा जाडजूड थर घेऊन खाडीकडे निघालेले असतात. पहिल्या पावसाच्या या पाण्याचा नमुना घ्या, एवढं एकच मागणं मान्य झालं तरी या पत्राचं चीज झालं म्हणेन.

नाल्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्याचं सांगाल. त्या बाटल्या अडवतात, चांगलं आहे. पण कपड्यांचे धागे जाळीत थांबत नाहीत. अ‍ॅक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त धागे सुटू शकतात, असं ब्रिटनमधल्या २०१६च्या अभ्यासात दिसलं. हे धागे सांडपाण्याबरोबरच प्रवास करतात, त्यांच्यावर पहिली वस्ती बसते ती गटारातच. सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चाललं तर बहुतेक कण गाळात उतरतात. म्हणजे मैला अडवला की प्लास्टिकही बरंचसं अडतं. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आणि देशानं २०२२ मध्ये एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आणली, त्याचं कौतुक आहेच. पण खाडीपुरता विचार केला तर प्लास्टिकवरचा सगळ्यांत मोठा उपाय सांडपाण्याच्या बजेटमध्ये दडलेला आहे, आणि ते बजेट करताना घनकचऱ्याचा माणूस खोलीत नसतो. त्याला बोलवा.

मत्स्यव्यवसाय विभागाकडे माझी विनंती वेगळी आहे. ‘माशांत प्लास्टिक’ अशी बातमी आली की पहिला जाब बाजारात बसलेल्या कोळिणीला विचारला जातो. नाल्याला कुणी विचारत नाही. तिला उत्तर देता यावं म्हणून तुम्ही आजवर काय छापलंत? बोंबील, पापलेट, बोय यांचं पोट आपण साफ करूनच खातो. प्रश्न आहे कालवं आणि तिसऱ्यांचा, कारण त्या अख्ख्या खाल्ल्या जातात आणि पाणी गाळूनच जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येतं. गोव्यात साळ नदीच्या मुखात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यात, गाळात आणि शिंपल्यांतही मायक्रोप्लास्टिक दाखवलं आहे. आपल्या बायका ओहोटीला चिखलात गुडघाभर उतरून, हात कापून घेत कालवं काढतात. कापलेला हात त्याच चिखलात. व्हिब्रिओच्या काही जाती जखमेतून आत शिरतात, हे तुमच्यापैकी आरोग्य विभागाला ठाऊक आहे. त्या बायकांना ठाऊक आहे का? शिजवल्यानं व्हिब्रिओ मरतो, कच्चं किंवा अर्धवट उकडलेलं खाऊ नये, काढलेली कालवं काही काळ स्वच्छ वाहत्या खाऱ्या पाण्यात ठेवली तर त्यांतले मैल्यातून आलेले बरेच जीवाणू निघून जातात (व्हिब्रिओ मात्र सहज जात नाही), जखमेवर पट्टी बांधून वर हातमोजा घालावा: एका पानावर मावेल एवढं आहे. मराठीत छापा, आणि कोळीवाड्यात वाचून दाखवायला माणूस पाठवा. संकेतस्थळावर चढवलेली पीडीएफ चिखलापर्यंत पोहोचत नाही.

एक छोटी कुरबूर भाषणांबद्दल. प्लास्टिक खाणारे जीवाणू सापडले आहेत, तेच खाडी साफ करतील, असं अलीकडे व्यासपीठावरून ऐकू येतं. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलेला इडिओनेला साकाईएन्सिस हा जीवाणू खरा आहे आणि काम सुंदर आहे. पण त्यानं पीईटीची पातळ फिल्म, तीही विशिष्ट प्रकारची, ३० अंश तापमानाला प्रयोगशाळेत सहा आठवड्यांत संपवली. खाडीत तरंगतं ते बहुतेक पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. त्यावरचे जीवाणू मुख्यतः पाण्यातून येणारं अन्न खातात, प्लास्टिक त्यांना बसायला लागतं. कृपया भाषणातून ते वाक्य काढा.

मागणं थोडक्यात सांगायचं तर एक जागा निवडा. एखादा मोठा नाला ठाणे खाडीत उतरतो ते ठिकाण चालेल. तिथे वर्षभर दर महिन्याला, ओहोटीच्या शेवटी आणि भरतीच्या शेवटी, पाणी, कण आणि कणांवरचे जीवाणू तिन्ही एकाच दिवशी तपासा, सोबत लाकूड-पान घ्या. प्रतिजैविकांच्या चाचण्या आरोग्य विभागानं कराव्यात, शिंपले मत्स्यव्यवसाय विभागानं पाहावेत, नाल्याचं वरचं पाणी महापालिकेनं, उरलेलं प्रदूषण नियंत्रण विभागानं. चौघांचे आकडे एका तक्त्यात, चौघांच्या सह्यांनिशी. निकाल काय येईल ते मला सांगता येत नाही आणि मला विशिष्ट निकाल हवाही नाही. कदाचित प्लास्टिकपेक्षा पानांवरच जास्त जीवाणू निघतील. मग तसं छापा.

आसपासच्या महाविद्यालयांतली सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं हे काम आनंदानं करतील, त्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. चाळण्या आमच्याकडे आहेत, आगार तुम्ही द्या. होडीची काळजी करू नका, नाखवा ओळखीचा आहे. फक्त उधाणाच्या दिवशी पहाटे साडेचारला निघावं लागेल आणि जीप ठेवतात तिथून धक्क्यापर्यंत चिखलातून चालावं लागेल, हे येणाऱ्या मंडळींना आधीच सांगून ठेवा.



आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
ठाणे